सोसण्याचे स्तोम

पालीस बल्लाळेश्वराच्या दर्शनाला येणारी मंडळी बहुधा दिवस वर आल्यावर येतात, आणि म्हणून पहाटेची पाली त्यांच्या दृष्टीस पडत नाही. सरसगडाचा कातळ अद्याप अंधारात असतो, तोच उन्हेऱ्याच्या वाटेवर पावलांचा आवाज सुरू होतो. पंधरा-वीस मुलगे, चार-दोन मुली. कोणाच्या पायांत बरे बूट, कोणाच्या बुटांचा तळ झिजून गुळगुळीत झालेला. आणि मागून दुचाकीवर, हातात घड्याळ घेतलेले त्यांचे शिक्षक. ही मुले हौसेने धावत नाहीत. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीचे गुण ५०, त्यांतील २० एकट्या धावेचे. मुलग्यांस १६०० मीटर, मुलींस ८००. त्या काही मिनिटांवर एकेका घराचे पुढील तीस वर्षांचे पोट अवलंबून असते. सुटीत पालीस मुक्काम असला की आम्ही हे दृश्य पाहतो, आणि खरे सांगावयाचे तर आरंभी ते पाहून आम्हांस धन्यताच वाटली होती.

ती धन्यता कशी ओसरली ते पुढे येईलच. तत्पूर्वी एका बनियनाविषयी दोन शब्द. त्या मुलांपैकी एकाच्या बनियनाच्या पाठीवर एक वाक्य छापलेले होते. वेदना म्हणजे शरीरातून बाहेर पडणारी दुर्बलता, असा काहीसा त्याचा अर्थ. वाक्याची ठेवण मराठी नव्हती. साहेबास धोतर नेसवून पंगतीस बसवावे आणि त्याने अवघडून बसावे, तसे ते शब्द त्या पाठीवर बसले होते. जन्मभर इंग्रजी शिकवून पोट भरणाऱ्याने परभाषेतून आलेल्या वाक्यावर रागवावे हे शोभत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु आमचा राग त्याच्या जातकुळीवर नाही, त्याच्या खोटेपणावर आहे. वेदना हा शरीराने मेंदूस धाडलेला निरोप असतो. तो कोठून आला, कशासाठी आला, हे न वाचताच जो तो फाडून टाकतो त्यास शूर म्हणण्याची चाल आपल्यांत पडली आहे. भरतीच्या मैदानापासून शहरांतील मॅरेथॉनपर्यंत आणि शाळेच्या क्रीडादिनापासून वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांपर्यंत या सोसण्याचे जे स्तोम माजले आहे, त्याविरुद्ध हा लेख आहे.

तो बनियनवाला मुलगा आमच्या आळीतलाच. एके दिवशी सायंकाळी तो रस्त्याने लंगडत चालला होता. अधिक अचूक सांगावयाचे तर, आपण लंगडत नाही असे दाखविण्याच्या खटपटीत चालला होता. विचारले तेव्हा म्हणाला, "काही नाही सर, नडगी धरलीय." कोठे ते दाखव म्हणताच त्याने तर्जनीचे टोक नडगीच्या आतल्या कडेवर, घोट्याच्या वर वीतभर अंतरावर, रुपयाएवढ्या जागेवर टेकले, आणि टेकताच मागे घेतले. "इथं बोट लागलं की जीव जातो. आधी धावून झाल्यावर दुखायचं. मग धावताना दुखायला लागलं. आता रात्री पडल्या पडल्यासुद्धा ठणकतं." शिक्षकांस सांगितलेस काय? होय, दोन वेळा. पहिल्या वेळी उत्तर मिळाले की पाय पक्का होत आहे. दुसऱ्या वेळी, उन्हेऱ्याच्या गरम कुंडात पाय शेकून ये. तो इमानेइतबारे शेकून आला आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा धावला.

त्या मुलाने उच्चारलेल्या त्या वाक्यांत वैद्यकाच्या ग्रंथातील एक अख्खे पान होते, आणि ते त्याचे त्यास ठाऊक नव्हते. आम्हांसही त्या वेळी पुरते ठाऊक नव्हते. आम्ही त्यास "डॉक्टरला दाखव" असे सांगितले, चहा पाजला, आणि जाता जाता "हिंमत मात्र सोडू नकोस" असेही सांगितले. आमच्या दोन सल्ल्यांपैकी जो फुकटचा होता तो त्याने घेतला. नवव्या दिवशी धावता धावता हाडाने दगा दिला. भरती आली आणि गेली; त्या दिवशी तो घराच्या ओटीवर पाय उशीवर ठेवून बसला होता.

येथे कोणी असे समजू नये की आम्ही त्या दुचाकीवरील शिक्षकांस एकट्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करीत आहोत. त्या पिंजऱ्यात आमचीही जागा आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या क्रीडास्पर्धांत परीक्षक म्हणून बसलो असता, अंगात ताप असूनही तीन हजार मीटरची शर्यत पुरी करणाऱ्या एका विद्यार्थ्यास आम्ही धैर्याचे म्हणून एक खास पारितोषिक देवविले होते, आणि त्यावर दहा मिनिटे भाषणही केले होते. भाषण चांगले वठले, असे त्या वेळी सर्वांचे मत पडले. तापात हृदयाच्या स्नायूस सूज असण्याचा संभव असतो, आणि अशा वेळी जोराचे श्रम केल्यास हृदयाची लय बिघडून क्षणात प्राण जाऊ शकतो, हे आम्ही फार उशिरा वाचले. तो विद्यार्थी सुखरूप राहिला, हे त्याचे दैव. आमच्या शहाणपणाचा त्यात काडीचाही वाटा नव्हता.

आता मूळ मुद्द्याकडे. शरीराची भाषा आपणांस कळत नाही असे जे म्हटले जाते ते आम्हांस मान्य नाही. ती आपणांस येत होती. आपण ती विसरत चाललो आहो. वाचकांनी आपल्या घरातील वडीलधाऱ्या बायकांचे बोलणे आठवून पाहावे. पाय 'दुखतो' एवढ्यावर त्यांचे कधी समाधान होत नसे. आंबला आहे की भरून आला आहे? रग लागली आहे की कळ येते आहे? चमक भरली की लचक? ठसठसते की ठणकते? पोटरीत गोळा आला की मुंग्या आल्या? दम लागला की धाप, भोवळ आली की नुसती अंधारी? प्रत्येक शब्दाचा अर्थ निराळा आणि म्हणून उपायही निराळा. आज मैदानावर जाऊन विचारावे तर या सगळ्या संपत्तीच्या जागी एकच शब्द उरलेला आढळतो: 'पेन'. पेन होतंय, थोडं पेन आहे, पेन सहन कर. ज्यास एकच शब्द आहे त्यास एकच वेदना आहे, आणि एकच वेदना असली की तिच्यावर एकच उपाय सुचतो, तो म्हणजे दुर्लक्ष.

रग आणि कळ यांतील भेद पाहा. सरसगडाच्या कातळात खोदलेल्या त्या उंच पायऱ्या चढून उतरलेल्या नवख्या माणसाच्या मांड्या दुसऱ्या दिवशी अशा धरतात की घराचा उंबरठा ओलांडताना तोंडातून हाय निघते. हे चढण्याचे फळ नव्हे, उतरण्याचे आहे. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलीत असतो आणि त्याचे सूक्ष्म धागे तुटतात. ही रग. ती दोन्ही पायांत सारखी असते, बोटाने दाखविता येत नाही, तळहाताने दाखवावी लागते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती शिगेस पोहोचते आणि चार-पाच दिवसांत आपल्या पायांनी निघून जाते. तिला भिण्याचे कारण नाही. कळेचे तसे नाही. कळेस पत्ता असतो. ती एकाच पायात, एकाच जागी, हाडावर किंवा सांध्यात बोट ठेवून दाखविता येते. धावू लागल्यावर कमी होण्याऐवजी वाढते. आणि तिच्यापायी माणसाची चाल बदलते. या शेवटच्या खुणेस आम्ही सर्वांत अधिक मान देतो, कारण ती खूण लपविता येत नाही. जो धावपटू एका पायावर कमी वेळ टेकू लागला, त्याचे तोंड काहीही म्हणो, त्याचा पाय खरे बोलत असतो.

या दोहोंच्या मधली एक फसवी जात आहे, तिच्याविषयी सावध केले पाहिजे. सकाळी बिछान्यातून उठून पहिले पाऊल टाकताच टाच सुईने टोचल्यागत दुखते, किंवा घोट्यामागची जाड शीर ताठलेली असते. शंभर पावले चालले, थोडे धावले, की मोकळे वाटते. धावपटू म्हणतो, धावल्याने बरे होते. परंतु त्याच दिवशी सायंकाळी किंवा दुसऱ्या सकाळी ते दुखणे परत येते, दर आठवड्यास थोडे अधिक घेऊन. पैसे फेडता फेडता कर्ज वाढत जावे असा हा सावकारी प्रकार आहे. उलट, बरगडीखाली भरणारी चमक बिचारी पुष्कळदा निरुपद्रवी. वेग कमी करून चार दीर्घ श्वास घेतले की जाते, आणि तिच्याच पायी नवखे लोक सर्वांत अधिक घाबरतात.

आमच्या त्या मुलाच्या हाडाचे काय झाले होते? हाड म्हणजे खांब नव्हे. ते जिवंत आहे आणि सदैव स्वतःची डागडुजी करीत असते. नवा ताण पडला की शरीर प्रथम जुना, थकलेला भाग पोखरून काढते आणि मग त्या जागी नवे हाड घालते. पोखरण्याचे काम दोन-तीन आठवड्यांत उरकते; भरण्याच्या कामास महिने लागतात. म्हणजे जो माणूस भरतीची जाहिरात वाचून एकाएकी रोज आठ-दहा किलोमीटर धावू लागतो, त्याचे हाड तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पूर्वीपेक्षा बळकट नसून उलट नाजूक असते. आणि नेमक्या त्याच वेळी, दम वाढल्यामुळे, त्यास आपण बळकट झालो असे वाटत असते. फुप्फुसे आधी तयार होतात, हाडे मागाहून. हा अंतराचा काळच घाताचा काळ. प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट नावाच्या वैद्याने १८५५ साली दूरच्या कूच करणाऱ्या शिपायांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचे वर्णन लिहून ठेविले. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. म्हणजे त्या वैद्यास हाड दिसले नव्हते. त्याने पाय पाहिला होता आणि शिपायाचे ऐकले होते. आजही पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या क्ष-किरण चित्रात ही चीर पुष्कळदा उमटतच नाही, आणि "फोटो साफ आहे, पळ" असे सांगितले जाते. फोटोपेक्षा ते रुपयाएवढे ठिकाण अधिक प्रामाणिक असते. त्या वेळी थांबले तर काही आठवड्यांची विश्रांती पुरते. न थांबले तर वर्ष जाते.

यावर जो आक्षेप येतो तो आम्हांस ठाऊक आहे, आणि तो पोकळ नाही. त्या शिक्षकांनीच तो आम्हांस तोंडावर ऐकविला: "सर, प्रत्येक दुखण्याला थांबलं तर एकही पोरगा वर्दी घालणार नाही. अंग दुखल्याशिवाय अंग होत नाही." दुसरे वाक्य अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे वाक्य खोडणे फार कठीण. ताणाशिवाय शक्ती वाढत नाही हे निर्विवाद. परंतु शक्ती ताणात वाढत नाही, ताणानंतरच्या विसाव्यात वाढते. ताण ही केवळ मागणी असते, पुरवठा झोपेत होतो. हे काही आजकालच्या विलायती शास्त्राने नव्याने सांगितले असे नाही. सुश्रुताने व्यायामाची मर्यादा अर्ध्या बळाची घातली आहे. वाग्भटानेही अर्धशक्तीच सांगितली आहे. आणि ते अर्धे बळ संपले हे कसे ओळखावे, तर घाम कोठे कोठे फुटतो, तोंडास कोरड कशी पडते, श्वास कसा चालतो, या खुणांवरून. घड्याळावरून नव्हे! अतिव्यायामाने तहान, क्षय, ताप, वांती, दमा होतो अशी यादी त्या ग्रंथांत आहे, आणि अति करणाराची उपमा हत्तीस ओढू जाणाऱ्या सिंहाची आहे. तो पराक्रमी असतो आणि म्हणूनच मरतो. आमचे जुन्या तालमीतले वस्ताद काही कोमल अंतःकरणाचे नव्हते. पण पठ्ठ्याचे अंग ते हाताने चाचपून पाहत, आणि आज जोर नको म्हणाले की पठ्ठ्याची प्रतिष्ठा जात नसे. तो हात दुचाकीवरून पोहोचत नाही.

अर्थात काही अपघात असे असतात की त्यांस पूर्वसूचना नसते. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे, ज्याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठली, तो जुलै २०२५ मध्ये मोनाकोच्या शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यापाशी पडला आणि त्याच्या गुडघ्याचे स्नायुबंध तुटले. तो क्षणाचा घात. त्यावर कोणाचा इलाज नाही. परंतु धावणारांची बहुतेक दुखणी अशी क्षणात येत नाहीत. ती आठवडेच्या आठवडे दार ठोठावीत असतात.

मग दार का उघडले जात नाही? कारण आम्ही प्रेक्षक टाळ्या वाजवितो. १९८४ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन प्रथमच झाली. तीत गॅब्रिएला आंदेर्सन-शीस ही स्वित्झर्लंडची धावपटू कडक उन्हाने अर्धमेली होऊन मैदानात शिरली. एक हात लुळा, धड एका बाजूस कललेले, आणि शेवटचे ४०० मीटर तिने सुमारे पावणेसहा मिनिटांत, झोकांड्या खात पुरे केले. ती ३७ वी आली. ते चलच्चित्र आजही धैर्याचा पाठ म्हणून शाळाशाळांतून दाखविले जाते. त्या चित्रात तिच्या बाजूने चालणारे डॉक्टर मात्र कोणी पाहत नाही. ते तिचा घाम पाहत होते. घाम येत आहे म्हणजे शरीराचे शीतकरण अद्याप चालू आहे, या हिशेबाने त्यांनी तिला पुढे जाऊ दिले. सहस्रावधी प्रेक्षक शौर्य वाचीत होते, दोन-तीन माणसे शरीर वाचीत होती. ती वाचली ती या दोन-तिघांच्या नजरेखाली होती म्हणून. आणि आजचे वैद्यक त्याहून पुढे जाऊन असे सांगते की घाम येत असतानाही ऊष्माघात होऊ शकतो. खरी खूण ती लुळी चाल, असंबद्ध बोलणे, भर उन्हात अंगावर उठणारा काटा. अशा माणसास पुढे जाऊ देऊ नये, तत्काळ थंड पाण्यात बसवावे, आणि रुग्णालयाचा विचार त्यानंतर करावा.

आमच्या घरच्या इतिहासातही हीच वाचण्याची चूक आहे. १९२० साली अँटवर्पला गेलेल्या भारतीय पथकात बेळगावचा फडेप्पा चौगुले होता. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारे शेतकरी पाहून सर दोराबजी टाटांच्या मनात या पथकाची कल्पना आली, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. तेथील मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची, म्हणजे आजच्या ठरीव अंतराहून अधिक. चौगुल्याने ती २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी करून १९ वा क्रमांक मिळविला, आणि त्याचे नाव राहिले, राहावयासच हवे. त्याच शर्यतीत सदाशिव दातार हाही आपलाच मनुष्य धावला. तक्त्यात त्याच्या नावापुढे वेळ नाही. शर्यत पुरी केली नाही, एवढीच नोंद. शंभर वर्षांत त्या नोंदीवर कोणी एक परिच्छेद लिहिलेला आमच्या वाचनात नाही. जणू पुरे करणे हीच एक कृती आहे, आणि थांबणे म्हणजे काहीच न करणे!

आता आमच्या वाचकांकडे वळतो, कारण या मासिकाचे वाचक भरतीसाठी धावत नाहीत. ते मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये धावतात, साताऱ्याच्या घाटात धावतात, आणि दिवाणखान्यात पदके टांगतात. उत्तम आहे, चाळिशीनंतर धावू लागलेला गृहस्थ पत्त्यांच्या अड्ड्यावरील गृहस्थापेक्षा आम्हांस केव्हाही अधिक आवडतो. परंतु ज्यास थांबण्याची पूर्ण मोकळीक आहे तोच थांबत नाही, हे पाहून खेद होतो. त्याच्या मनगटावर जे घड्याळ आहे ते त्यास नाडी सांगते, पावले सांगते, रात्रीची झोप किती झाली हेही सांगते. आणि घड्याळाने हिरवा दिवा दाखविला की छातीतील जडपणा त्यास अपचन वाटू लागतो. जिम फिक्स या अमेरिकन लेखकाने १९७७ साली धावण्यावर जो ग्रंथ लिहिला त्याने लक्षावधी लोकांस धावावयास लाविले. १९८४ साली, वयाच्या ५२ व्या वर्षी, रोजची धाव घेत असताना तो गेला. उत्तरीय तपासणीत हृदयाच्या रोहिण्या तुंबलेल्या आढळल्या. त्याच्या वडिलांस ३५ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता आणि ४३ व्या वर्षी ते वारले होते. धावण्याने त्यास मारले असे आम्ही म्हणत नाही. कदाचित धावण्याने त्यास काही वर्षे अधिकच दिली असतील. परंतु वडिलांचा इतिहास हाही शरीराचाच निरोप असतो, आणि तो कोणत्याही घड्याळात उमटत नाही. छाती आवळणे, जबड्यात किंवा हातात उतरणारी कळ, नेहमीच्या वेगास न शोभणारी धाप, धावता धावता शुद्ध हरपणे, यांपैकी काहीही झाले तर पदक तेथेच सोडावे. धाव संपवून उभे राहिल्यावर येणारी भोवळ बहुधा पायांत उतरलेल्या रक्ताची असते. आडवे करून पाय वर उचलले की ती जाते. धाव चालू असता कोसळणे ही गोष्ट निराळी आणि फार गंभीर.

पाण्याविषयीही तेच. तहान लागो न लागो, प्रत्येक टेबलापाशी प्यावे, असा उपदेश सुशिक्षितांत रूढ झाला आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले तेव्हा त्यांपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियम मर्यादेखाली उतरलेले आढळले, मुख्यत्वे अति पाणी प्याल्यामुळे. बोटांतील अंगठी घट्ट होणे, डोके ठणकणे, ओकारी येणे या त्याच्या खुणा. आणि तहान नावाची जी जुनी सोय देवाने दिली आहे ती घड्याळाइतकीच विश्वासार्ह आहे.

मुलींच्या आयांस एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, आणि संकोचापायी ती सांगितली जात नाही. जी मुलगी जोराने सराव करीत आहे, जेवण मात्र बेताचे घेत आहे, आणि जिची पाळी लांबू किंवा बंद होऊ लागली आहे, तिचे हाड धोक्यात आहे. 'सरावात असे होतेच' हे उत्तर चुकीचे आहे. शरीरास घरखर्च परवडेनासा झाला म्हणजे ते जे खर्च आधी कापते त्यांपैकी हा एक. अशा मुलीस शिक्षकांच्या आधी ताट हवे.

राहिला भरतीचा प्रश्न. जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीत पाच किलोमीटरच्या धावेत उकाड्याने तरुण मुलांचे बळी गेले. पुढे ते अंतर कमी करण्यात आले. अंतर कमी झाले म्हणजे प्रश्न मिटला असे वाटले होते. परंतु जून २०२४ मध्ये ऐन पावसाळ्यात भरती सुरू झाली, आणि धावेनंतर उमेदवार दगावल्याची बातमी पुन्हा वाचावी लागली. कोकणपट्टीच्या दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, आणि जो घाम वाळत नाही तो अंग निववीत नाही. विदर्भातून किंवा मराठवाड्यातून रात्रभर प्रवास करून, फलाटावर झोपून, उपाशीपोटी उभा राहिलेला मुलगा या हवेस सरावलेला नसतो. शरीरास नव्या उष्णतेशी जुळवून घेण्यास दहा ते चौदा दिवस लागतात. त्यास डोके जड वाटले, अंगावर काटा आला, दुसऱ्या दिवशी लघवी चहाच्या रंगाची झाली, तर या खुणा कोणास सांगाव्यात? सांगितल्या तर तो बाद होतो. ज्यास थांबण्याची किंमत एका नोकरीएवढी आहे, त्यास 'शरीराचे ऐका' असा उपदेश करणे हा आम्हां पगारदारांचा निव्वळ उद्धटपणा आहे. म्हणून आम्ही त्यास उपदेश करीत नाही; मैदान भरविणारांस विचारतो. धाव उजाडताच का होऊ नये? प्रत्येक मैदानावर बर्फाच्या पाण्याचा हौद आणि तो वापरू जाणणारा माणूस का नसावा? आदल्या रात्री उमेदवारांस पाठ टेकण्यास छप्पर आणि दोन घास का मिळू नयेत? आणि दुखऱ्या पायाने किंवा अंगात ताप घेऊन आलेल्या मुलास डॉक्टरच्या शब्दावर, हेलपाटे न घालता, दुसरी तारीख का मिळू नये? यांपैकी कशासही फार पैसा लागत नाही. थांबणाऱ्यास शिक्षा होणार नाही एवढी हमी लागते.

गावोगावच्या सराववर्गांविषयीही हेच म्हणता येईल. फी घेणाऱ्याने आठवड्यातून एकदा, घड्याळ खिशात घालून, प्रत्येक मुलास दुखते काय आणि कोठे, बोटाने दाखव, असे विचारावे. हाडावर बोट गेले तर त्या आठवड्यात त्यास धावू देऊ नये. त्या शिक्षकांस आम्ही हे सांगितले तेव्हा ते हसले. "सर, तुम्ही कधी सोळाशे धावलात?" आम्ही म्हटले, नाही. "मग?" म्हणाले, आणि गाडीस लाथ मारून निघून गेले. त्यांचा प्रश्न अद्याप आमच्या मनात आहे. न धावलेल्याने धावण्यावर बोलू नये हा नियम मान्य केला, तर त्या मुलाच्या नडगीवर बोलण्याचा अधिकार एकट्या त्या मुलासच उरतो. आणि तो बोललाच होता, दोन वेळा.

परवा पहाटे तो पुन्हा त्या वाटेवर दिसला. पाय आता भरून आला आहे. इतर मुले पुढे निघून गेली आणि तो मैलाच्या दगडापाशी थांबला, बूट काढला, खाली बसून अंगठ्याने नडगीची आतली कड वरपासून खालपर्यंत हळूहळू दाबीत आला. एके ठिकाणी पुन्हा दाबून पाहिले. मागून दुचाकीचा आवाज जवळ येत होता. त्याने बूट हातात घेतला आणि पालीच्या दिशेने चालू लागला.